बाळाआधी विणलेली शाल

बाबांचा जुना मोबाईल हातात आल्यावर मनालीनं सगळ्यात आधी एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ‘कधीतरी’. त्यात गाणी नव्हती, स्वतःचे फोटोही नव्हते. होती ती फक्त विणकामं. दोरखंडासारखे पीळ पडलेले जाड स्वेटर, छातीवरून हरणांची रांग चाललेली बंडी, कोबीच्या पानासारख्या कुरळ्या कडांचे मफलर. कुठल्या कुठल्या थंड देशांतल्या बायकांनी विणलेलं हे सगळं मनाली खर्डीच्या शाळेमागच्या पायरीवर बसून बोटांनी मोठं करकरून बघायची.

“स्वेटर घालून जाशील कुठं गो?” तिची बाकावरची मैत्रीण स्नेहल विचारायची. “भात लावायला?”

“कसाऱ्याला थंडी असते.”

“कसाऱ्याला माकडं असतात. त्यांना घाल.”

पूर्वीची मनाली असती तर एवढ्यानं तोंड पाडून घरी गेली असती. सातवीपर्यंत वर्गात हात वर करायलासुद्धा तिला घाम फुटायचा. पण यंदा शाळेच्या प्रदर्शनात तिनं विणलेली पाण्याच्या बाटलीची पिशवी मांडली गेली, मुख्याध्यापकांनी ती उचलून उलटीसुलटी करून बघितली, आणि तेव्हापासून मनालीबाई हवेत होत्या. “मी विणते,” असं ती कुणालाही सांगायची, जसं काही विमान चालवते! आणि सुया कसल्या, तर सायकलच्या चाकाचे दोन स्पोक. टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेली. मागची बाजू मुळातच वाकडी, त्यामुळे टाके निसटून पळत नाहीत, हा तिनं स्वतः लावलेला शोध.

फोल्डरमध्ये सगळ्यात वर होती एक पांढरी शाल. लहान बाळाची. जाळीत पानं, पानांच्या मधे पुन्हा जाळी, आणि कडेनं शिंपल्यांची ओळ. खाली रशियन की कुठल्या भाषेत काहीतरी लिहिलेलं, त्यातलं तिला ढिम्म कळत नव्हतं. पण चौकटींचा तक्ता होता. भरलेली चौकट म्हणजे सुलटा टाका, रिकामी चौकट म्हणजे जाळीचं भोक, एवढं तिनं चुकतमाकत, उसवत उसवत शोधून काढलं होतं. लोकरही मिळाली होती. म्हसा गावच्या गेल्या जत्रेत जुन्या कपड्यांच्या ढिगात एक पांढरा स्वेटर सापडला. कोपरांना भोकं, पण हाताला असा मऊ की सशाचं पिल्लू उचलल्यासारखं वाटावं. तो उसवून, लोकर शाम्पूनं धुऊन, लडीला खाली लोटी बांधून तिनं ती सरळ वाळवली होती.

आता एवढं सगळं जमलं असताना शाल ‘कधीतरी’ का, ‘आत्ता’ का नाही?

त्याचं कारण घरातच होतं. आरतीताई.

ताईचं सासर म्हशाजवळ. गेल्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा तिनं मुरबाडच्या बाजारातून हौसेनं एक पिवळं झबलं आणून ठेवलं होतं. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, यात कुणाचा दोष नसतो. आई म्हणाली, “झबलं आणलंस ना.” एवढंच म्हणाली, पुन्हा कधी नाही. पण ते एवढंच वाक्य ताई वर्षभर कुठे कुठे घेऊन फिरत असेल, हे मनालीला तेव्हा कळलं नव्हतं.

यंदा ताई पुन्हा पोटुशी होती आणि दिवाळीआधीच माहेरी आली होती. आईचा कायदा कडक. बाळ हातात येईपर्यंत बाळाचं म्हणून चिंधीसुद्धा घरात येणार नाही. दुपटं नाही, गोधडीचा टाका नाही, नावाचा विषय नाही. शेजारची बाई एकदा बोलता बोलता “पाळणा कुठं बांधणार?” असं म्हणाली, तर आईनं तिच्या हातातली चहाची कपबशी अशी काढून घेतली की बिचारीचा घोट तोंडातच राहिला.

आणि अशा घरात मनालीनं शाल सुरू केली.

तिचा हिशोब सरळ होता. बाळ येणार पौषात. बाळ आल्यावर विणायला घेतली तर बारशापर्यंत एक पानसुद्धा धड होणार नाही, आणि बारशाला ताईच्या सासरची माणसं जमलेली असताना ती शाल उघडायची, हे तर ठरलेलंच होतं. उरला आईचा कायदा. त्यावर मनालीनं वकिलाला लाजवेल अशी पळवाट काढली. ही शाल बाळाची नाहीच. ही माझी शाल आहे. मी माझ्यासाठी विणतेय. पुढे मला वाटलं तर मी ती कुणालाही देईन. मनातल्या मनात तिनं हे इतक्यांदा म्हटलं की ते खरं वाटायला लागलं. शाल दप्तराच्या तळाशी, भूगोलाच्या पुस्तकाखाली. विणायची फक्त शाळेत, मधल्या सुट्टीत. स्पोक आखूड म्हणून दोन पट्ट्या वेगवेगळ्या विणून मधे जोडायच्या असं ठरलं, आणि भातकापणीच्या सुट्टीपर्यंत पहिली पट्टी झालीसुद्धा.

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तो दुधी आला.

स्नेहलच्या परसात मांडवावर एक भला थोरला दुधी लटकला होता. शनिवारी दुपारी दोघी तिकडं बसलेल्या. मनालीला मोजायचं होतं की पट्टी लांबीला पुरते का. तिनं दुधी खाली काढला, मांडीवर आडवा घेतला आणि पट्टी त्याच्याभोवती गुंडाळली. वरचा देठ तेवढा बाहेर. आणि काय झालं कुणास ठाऊक, तिनं त्याला हलवलं आणि म्हणाली, “काय गो माझे बाई, थंडी वाजते का? मावशीनं बघ काय केलंय तुला!”

स्नेहल आधी फिदीफिदी हसली. मग एकदम थांबली.

“मने. तू म्हणालीस ना, शाल तुझी हाय म्हणून?”

“हाय ना.”

“मग आता काय बोललीस?”

मनालीनं दुधी असा खाली ठेवला जसा तो तापलेला तवाच होता.

“आमच्या काकीनं अशीच आधी कुंची शिवलेली,” स्नेहल हळूच म्हणाली, आणि पुढं काय झालं ते न सांगताच मांडवाकडे बघत बसली. न सांगितलेलं जास्त वाईट असतं.

रविवारी सकाळी ताई उठली ती डोकं धरूनच. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणाली. पाय असे सुजलेले की पैंजण रुतले होते. आईनं पायाला बोट लावलं तर खड्डा पडला, आणि तो भरेचना. मनाली दारात उभी राहून त्या खड्ड्याकडं बघत होती.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आल्या, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि गाडीसाठी मोबाईल कानाला लावला. गाडी येईपर्यंत आईनं ताईचे पैंजण साबण लावून काढले. “बीपी हाय, दुसरं काय नाय,” आई सारखी म्हणत होती. कुणाला सांगत होती कुणास ठाऊक, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गाडीत चढताना ताईनं मागं वळून विचारलं, “मने, तू अशी का दिसतेस?”

“कशी?”

“पांढरीफटक.”

दार लागलं, गाडी शहापूरच्या रस्त्याला लागली. बाबा कसाऱ्याला हायवेच्या कामावर होते, ते परस्पर तिकडंच जाणार होते. घरात मनाली एकटी. अंगणात झोडणीच्या भाताचा ढीग, त्यावर चिमण्या, आणि त्यांना हाकलायचं भान कुणाला!

पडवीत बसून तिनं दप्तर उपडं केलं. पट्टी बाहेर काढली. काल हौसेनं दुधीभोवती गुंडाळलेली तीच पट्टी आता तिला हात लावायला नको वाटत होती. बीपी आहे. डॉक्टरकडं गेलीय. बीपी लोकरीनं होत नाही. नववीत आहे मी, एवढं कळतं मला. पण मग डोकं म्हणायचं, गेल्या वर्षी तरी झबल्यानं काय होणार होतं? आणि झालं ना. आणि झबलं तर नुसतं आणलं होतं. तू विणलंस. वर बोललीस. मावशीनं काय केलंय बघ, म्हणालीस. दुधीला!

उसवलं तर? केलेलंच राहिलं नाही तर कुणाचं काय बिघडणार?

तिनं शेवटचा टाका सोडला आणि दोरा ओढला.

साधी वीण सरसर उसवते, जाळीची वीण तशी नसते. दोन टाके एकत्र घेतले होते तिथं दोरा अडायचा. मनाली नखानं गाठ मोकळी करायची, पुन्हा ओढायची, पुन्हा अडायचं. एकेक पान आधी सैल व्हायचं, मग नुसतं भोक व्हायचं, मग काहीच नाही. कुणी मागे लागल्यासारखी ती भराभर ओढत होती. सगळं संपेपर्यंत ताईला काही व्हायला नको, सगळं संपेपर्यंत. मांडीवर वेड्यावाकड्या लोकरीचा ढीग साठला. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा बोटं लाल झाली होती आणि फोन वाजला नव्हता.

तो संध्याकाळीही वाजला नाही. बाबाच आले. अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, “पोरगी झाली. ऑपरेशन केलं. आरती बरी हाय.” मनाली हसायला लागली, आणि मग तिला दिसलं की बाबा हसत नाहीत. “लय लहान हाय गो. आठवा लागला होता फक्त. काचेत ठेवलीय. आईनं जुनी मऊ लुगडी मागितलीत, सकाळी घेऊन जा.”

सकाळी नाक्यावरून जीप मिळाली. पिशवीत आईची दोन जुनी धुतलेली लुगडी, आणि त्यांच्या मधे ती लोकर आणि स्पोक. लोकर तिनं का घेतली? टाकायला. वाटेत पूल लागतो, तिथून ओढ्यात भिरकावून द्यायची, स्पोकसुद्धा, म्हणजे घरात काही उरायलाच नको. पण जीपवाल्यानं तिला बसवलं अगदी मधोमध, एका बाजूला भाजीची पाटी आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी.

“शहापूरला दवाखान्यात का गो?” म्हातारीनं विचारलं. “कोणाचं काय?”

मनालीनं सांगितलं.

“कितवा होता?”

“आठवा.”

“सातवा असता तर बरं होतं. सातव्यातलं जगतं,” म्हातारी म्हणाली आणि पान चघळत बाहेर बघायला लागली. पूल कधी येऊन गेला ते मनालीला समजलंच नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. एका दिवसात ती बारीक झाल्यासारखी दिसत होती. शेजारी भावोजी, ताईचे यजमान, रात्रभर न झोपल्यानं डोळे तांबडे. त्यांच्या हातात रंगीबेरंगी टोप्या होत्या. काचेच्या दारातून सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी त्या टोप्या एकेक करून बघितल्या.

“अहो, ही हनुवटीपर्यंत येते तिला. याहून लहान नाही मिळत?”

“सगळी दुकानं फिरलो, सिस्टर. सगळ्यात लहान हीच.”

“डोकं कवठाएवढं आहे तिचं. अंगातली सगळी ऊब डोक्यातून जाते अशा बाळांची. दुपारी तिला आईच्या छातीशी द्यायची आहे, पण उघड्या डोक्यानं नाही देणार मी. तुमच्यात कुणी विणत नाही का?”

आईनं नकळत मनालीकडं बघितलं. भावोजींनी बघितलं. सिस्टरनीही बघितलं.

“ही विणते,” आई म्हणाली.

जगात कुणालाही “मी विणते” असं आपणहून सांगत फिरणारी मनाली एक पाऊल मागं सरली. “माझ्याकडं लोकर नाय,” ती म्हणाली. पिशवी पोटाशी धरलेली.

भावोजी बाजारात पळाले. अर्ध्या तासानं गुलाबी लोकरीचा गुंडा घेऊन आले. सिस्टरनी तो गालाला लावून बघितला आणि मान हलवली. “टोचते. हिची कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे.”

तेव्हा मात्र मनालीला राहवेना. ती आईपाशी खाली बसली, पिशवी उघडली आणि लुगड्यांच्या मधून लोकर दाखवली. आणि सांगून टाकलं. शाल, भूगोलाचं पुस्तक, दुधी, सगळं. आईचा चेहरा वाचता येत नव्हता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“टाकून ये ती,” आई शेवटी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता बाहेर टाकून ये.”

“पण दुसरी लोकर टोचते. आणि दुपारी—”

“मनाली!”

मनाली उठली. फाटकाकडं जायला निघाली, आणि मधेच वळून ताईच्या वॉर्डात शिरली. का ते तिलाही सांगता आलं नसतं. आई मागून आलीच.

ताई उताणी पडली होती. ओठ कोरडे, हाताला सुई. “बघितलीस का तिला?” तिनं विचारलं. “मला नाय दाखवली अजून नीट.”

मनालीनं तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं. यावेळी रडत रडत, अर्धं गिळत. “मी उसवली गो सगळी, खरंच सगळी उसवली. तरी पण. माझ्यामुळं झालं ना हे?”

ताई छताकडं बघत म्हणाली, “गेल्या वेळी मी झबलं आणलं म्हणून ते गेलं, असं मी रोज धरून चालते. रोज. भाकरी थापताना, पाणी भरताना. माझ्यामुळं गेलं.” तिनं श्वास घेतला, टाके ओढले असावेत, चेहरा कसनुसा झाला. “आता तू पण तेच धरून चालणार? चौदा वर्षांची पोरगी तू. एवढ्या लहान वयात?”

आई दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

“मला विचारायला पायजे होतंस, शाल करताना,” ताई म्हणाली, आता थोडी चिडून. “ते नाय केलंस. त्याचा हिशोब मी घरी गेल्यावर करीन. आता टोपी कर. त्याच लोकरीची.”

“ताई, आणि काय झालं तर?”

“काय झालं तर झालं! उघड्या डोक्यानं पण होईल ना काय व्हायचं ते? निदान तिला गार नको वाटायला.” मग डोळे मिटून घेत, “आणि रडत रडत विणू नको. तुझे टाके घट्ट येतात.”

व्हरांड्यात परत येऊन मनालीनं लोकर बाहेर काढली. गुंता झाला होता. तिनं एक टोक शोधलं, पण गुंडा करायला लड कुणीतरी हातांवर धरायला हवी होती. भावोजी औषधं आणायला गेलेले. ती इकडंतिकडं बघत होती, तेवढ्यात आई समोर येऊन बसली. तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे समोरासमोर. मनालीनं तिच्या मनगटांवर लोकर चढवली आणि गुंडाळायला सुरुवात केली. आईचे हात गुंड्याच्या बाजूनं कलत होते, एकदा डावा, एकदा उजवा.

माप कसं घ्यायचं? भावोजींनी हातानं दाखवलं, तर प्रत्येक वेळी वेगळं, कधी लिंबू, कधी नारळ. शेवटी सिस्टरनीच आतून बँडेजच्या पट्टीचा एक तुकडा आणून दिला, बाळाच्या डोक्याभोवती धरून कापलेला. मनालीनं तो मांडीवर पसरला. एवढासा? तिच्या मनगटाला दोन वेढे बसले असते जेमतेम.

जाळी नाही, पान नाही, शिंपला नाही. एक सुलट, एक उलट, काठाला. वर नुसतं सुलटं. फोल्डरमध्ये असली टोपी तिनं कधी ठेवलीच नसती, इतकी साधी. आणि इतकी साधी वीण तिनं कधी एवढी मोजून मोजून विणली नव्हती. काचेच्या दारापलीकडं कुठलं तरी यंत्र टिंग टिंग वाजायचं आणि तिचा हात थांबायचा. वाजणं बंद झालं की तिला आणखीच भीती वाटायची. रखवालदार एकदा येऊन स्पोककडं संशयानं बघून गेला. “सायकल दुरुस्त करताय का इथं?” म्हणाला. कुणी हसलं नाही. एकदा टाका गळाला आणि दोन ओळी खाली पळाला.

“गळाला का?” आईनं विचारलं.

“हो.”

“घे वर. हळू घे. कोण मारतंय तुला?”

तिनं घेतला. टोपीचा कळस आवळून, कड शिवून दोरा आत ओवला, दातानं तोडणार तेवढ्यात आई म्हणाली, “दातानं नको गो, तिची हाय ती.” आणि सिस्टरकडं कात्री मागायला उठली.

सिस्टरनी टोपी आत नेली, गरम पाण्यातून काढून वाळवली, आणि दुपार टळायच्या सुमाराला दोघींना काचेपाशी बोलावलं. ताईला खुर्चीत बसवलं होतं. तिच्या गाऊनच्या आत, छातीशी, काहीतरी होतं. वर दिसत होती फक्त पांढरी टोपी आणि तिच्याखाली सुरकुतलेल्या कपाळाची एक रेघ. टोपी हलली. मग पुन्हा हलली.

“बरोबर बसली,” सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या. “पण एवढ्यानं निर्धास्त होऊ नका. वजन वाढेपर्यंत आहे अजून काळजी. आणि एकच टोपी पुरायची नाही, सारखी ओली होते. दोन करा अजून.”

मनालीनं मान हलवली.

आई अजून काचेला नाक लावून होती. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं.

“पाय उघडे हायत गो तिचे,” ती म्हणाली. “त्या लोकरीत मोजे होतील का?”

“होतील. पण आई, मला टाच विणता येत नाय अजून.”

“तिला कुठं लगेच चालायचंय?” आई म्हणाली. “बिनटाचेचे कर.”